तराजूत न सापडणारी धूळ

दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत आमच्या इंदूरच्या स्वच्छतेचा विषय निघाला आणि सर्वांच्या मुद्रेवर प्रसन्न समाधान पसरले. ते समाधान अगदीच अस्थानी होते असे आम्ही म्हणणार नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा हे शहर स्वच्छतेत देशात पहिले आले. स्वच्छ वायु सर्वेक्षणातही २०२३ आणि २०२५ साली मोठ्या शहरांत त्याचा पहिला क्रमांक लागला. रस्ते रात्री यंत्राने झाडले जातात, हे आम्ही स्वतः पाहतो. परंतु त्याच वेळी खाली अंगणात मुले नागगोळ्या पेटवीत होती, दिवाणखान्याच्या बंद खिडक्यांआड उदबत्त्यांचा जुडगा जळत होता, आणि आम्ही ‘हवा खरोखर स्वच्छ आहे का?’ एवढे विचारताच एक विद्वान स्नेही म्हणाले, “अहो साहेब, ते दिल्लीचे दुखणे. आपल्या माळव्याच्या हवेला काय झाले आहे?” या प्रश्नाचे उत्तर हातात चकली घेऊन देता येण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची तक्रार दिल्ली-इंदूर अशी नाहीच. ती मापाची आहे. हवेतील कणांचा जो हिशेब आपल्या देशात ठेवला जातो आणि ज्याच्या आधारे शाबासकी वाटली जाते, तो सर्वस्वी वजनाचा हिशेब आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जी मानके अधिसूचित केली, त्यांनुसार एक घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वजन चोवीस तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अडीच मायक्रॉनच्या कणांसाठी हाच आकडा १५ वर आणला, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण आमचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. ६० काय आणि १५ काय, दोन्ही आकडे तराजूचेच आहेत. आणि फुप्फुसाला तराजू नसतो.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि नॅनोमीटर म्हणजे त्या मायक्रॉनचाही हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्यांना नॅनोकण म्हणतात ते १०० नॅनोमीटरच्या आतले. इंजिनातल्या किंवा चुलीतल्या जळणातून बाहेर पडणाऱ्या अशाच कणांना हवेचे अभ्यासक अतिसूक्ष्म कण म्हणतात. आता जरा हिशेब करून पाहू. १० मायक्रॉनचा एक धूलिकण घेतला आणि त्याच द्रव्याचे १०० नॅनोमीटरचे कण घेतले, तर त्या एका कणाच्या वजनाला दहा लाख कण लागतात. रस्ता झाडून तो एक मोठा कण उचलला की तराजू सुखावतो. ते दहा लाख तिथेच राहिले तरी त्याच्या काट्याला फार काही जाणवत नाही.

याहून बोलका हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०२१ च्या मार्गदर्शनातून निघतो. एक घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे लहानशा फाशाएवढ्या जागेत, दिवसाच्या सरासरीने १,००० हून कमी अतिसूक्ष्म कण असतील तर ती संख्या कमी समजावी आणि १०,००० च्या वर असतील तर जास्त समजावी, असे तिने म्हटले आहे. हे कण ५० नॅनोमीटर व्यासाचे आणि पाण्याइतक्या घनतेचे धरले, तर १०,००० च्या दराने एका घनमीटर हवेतील सगळ्या कणांचे मिळून वजन एक मायक्रोग्रॅमही भरत नाही! म्हणजे ज्या हवेत या कणांची संख्या धोक्याच्या बाजूला गेली, तिच्या खाती आपल्या साठातला एकसुद्धा नीट जमा होत नाही. आणि अशा हवेचा अर्धा लिटर आपण एका साध्या श्वासात आत घेतो; त्यात पन्नास लाख कण असतात.

कोणी म्हणेल, वजनच नाही तर अपाय तो किती? इथेच लोकांची फसगत होते. खडीसाखरेचा खडा आणि तेवढीच पिठीसाखर यांतील कोणती पाण्यात लवकर विरघळते, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. वजन तेच, पण दळल्यावर बाहेरचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि पाण्याशी गाठ पडते ती पृष्ठभागाचीच. १० मायक्रॉनच्या कणाचे १०० नॅनोमीटरचे कण केले की एकूण पृष्ठभाग शंभरपट होतो. त्या पृष्ठभागावर जळणातले धातू, काजळीतले अर्धवट जळालेले तेल, नाना प्रकारचे दाहक पदार्थ चिकटून येतात. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात ग्युंटर ओबरडॉर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचे दोन आकारांचे कण उंदरांवर वापरून पाहिले. एक सुमारे २० नॅनोमीटरचा, दुसरा सुमारे २५० चा. पदार्थ तोच, वजन तेच. परंतु लहान कणांनी फुप्फुसाचा दाह पुष्कळ अधिक केला. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमचा तराजू आहे तिथेच आहे.

शरीराची व्यवस्था या बाबतीत मोठी चोख आहे, पण ती मोठ्या धुळीसाठी. नाकातले केस आणि घशातला ओलावा जाड कण अडवतात. त्यांतून सुटलेले श्वासनलिकेतल्या बुळबुळीत कफावर चिकटतात आणि सूक्ष्म लोमांच्या हालचालीने वर ढकलले जातात. आपण खाकरतो किंवा गिळून टाकतो. सुमारे ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण तर गंमतीचे. ते ना वेगाने आदळतात ना खाली बसतात, आणि बरेचसे आले तसे उच्छ्वासाबरोबर परत जातात. म्हणून वाटावे की त्याहून लहान कण आणखी निरुपद्रवी. होते मात्र उलटे. हवेच्या रेणूंचे धक्के खात हे अतिलहान कण सैरावैरा नाचतात आणि त्या नाचण्यातच भिंतीला लागून तिथेच राहतात. आत गेलेल्या २० नॅनोमीटरच्या कणांपैकी जवळजवळ निम्मे वायुकोशांत मुक्काम करतात. हे वायुकोश एका माणसात तीस ते पन्नास कोटींच्या घरात असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटरची जागा व्यापतील, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तिथे लोम नाहीत, कफ नाही. पहाऱ्यावर आहेत त्या भक्षकपेशी. त्या मोठा कण चटकन गिळतात, परंतु इतके बारीक कण त्यांच्या हातून निसटतात. ते भिंतीच्या पेशींत शिरतात, तिथे दाह माजवतात आणि काही थोडे पलीकडे रक्तात उतरतात.

रक्तात उतरतात, हे विधान आम्ही भीती घालण्यासाठी करीत नाही. एडिंबरा येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे नॅनोकण श्वासावाटे दिले गेले. सोने अशासाठी की ते शरीरात सहसा नसते आणि फारसे कशाशी प्रक्रिया करीत नाही. सापडले तर ते श्वासातूनच आले हे निश्चित. चोवीस तासांच्या आत ते रक्तात व लघवीत सापडले, आणि तीन महिन्यांनंतरही सापडत होते. कण जितका लहान तितका अधिक पार जात होता. मानेतील रोहिणीत मेद साचल्यामुळे ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा काही रुग्णांनाही हे कण दिले गेले, तेव्हा काढून टाकलेल्या त्या रोगट थरातच सोने मिळाले. (आमच्या वाचकांत सुवर्णभस्माचे भोक्ते आहेत, त्यांना विनंती की हा दाखला त्यांनी आपल्या बाजूचा समजू नये. भस्म पोटात घेण्याची परंपरा आहे, फुप्फुसात ओढण्याची नाही.) फुप्फुसाच्या दाहामुळे रक्त गोठण्याकडे झुकते आणि हृदयावर आपत्ती येते, अशी उपपत्ती ब्रिटनच्या अँथनी सीटन यांनी १९९५ सालीच मांडली होती. २००७ मध्ये, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना व्यायाम करताना पातळ केलेला डिझेलचा धूर देण्यात आला, तेव्हा त्यांच्या हृदयालेखात रक्तपुरवठा घटल्याची खूण अधिक ठळक उमटली आणि रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारे द्रव्य कमी स्रवले. २०१९ मध्ये बेल्जियममध्ये गर्भवेष्टनाच्या बाळाकडील बाजूस काजळीचे कण आढळले. जे मूल अजून पहिला श्वास घेणार आहे, त्याच्या दारापर्यंत हा धूर पोचला होता.

आता आमच्या स्नेह्यांचा दुसरा आक्षेप. “हे सगळे प्रयोगशाळेतले. केवळ या बारीक कणांमुळे अमुक इतकी माणसे गेली, असा निर्णायक पुरावा कुठे आहे?” आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो की अडीच मायक्रॉनच्या कणांविषयी जेवढा भक्कम पुरावा जमला आहे, तेवढा केवळ अतिसूक्ष्म कणांविषयी जमलेला नाही. पण तो का जमला नाही, हे विचारणार की नाही? लाखो लोकांच्या आजारांची सांगड हवेशी घालायची तर त्या हवेची वर्षानुवर्षांची मोजणी हवी. मोजणी करावी तर मानक हवे, कारण मानक नसलेली गोष्ट कोणत्याही शासनाची यंत्रणा मोजीत नाही. मानक ठरवावे तर पुरावा हवा, आणि पुराव्यासाठी पुन्हा मोजणी! आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही राज्य सरकारच्या सेवेत नस्त्या वर-खाली जाताना पाहिल्या आहेत, आणि ही वाटोळी नस्ती आम्हांला लांबून ओळखता येते. तिच्यावर प्रत्येक टेबलावर ‘पुढील माहितीअंती विचार व्हावा’ असा शेरा पडतो, आणि ती माहिती मागवण्याचे काम कोणाकडेच नसते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. म्हणूनच ती इतकी टिकते.

पुराव्याची वाट पाहण्याची किंमत आमच्याच माळव्याने एकदा मोजली आहे. या पानांचे बहुतेक वाचक ज्या दगडी पेन्सिलीने पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून मोठे झाले, तशा पेन्सिली मंदसौरकडे बनत. तिथल्या पाटीच्या दगडात सिलिका भरपूर. करवतीने तो कापताना जी धूळ उडे ती मजुरांच्या छातीत जाई. ती नॅनोकणांची नव्हे, त्याहून जाड धूळ होती, डोळ्यांना दिसणारी. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने केलेल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. १९८२ मध्ये त्या कामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा झाला. चांगलेच झाले, पण निधी मागाहून येतो, छाती आधी जाते. दिसणाऱ्या धुळीच्या बाबतीत जर एवढा उशीर, तर न दिसणाऱ्या धुळीच्या बाबतीत ‘पुरावा येऊ द्या’ म्हणणाऱ्याने निदान किती काळ थांबायचे ते तरी सांगावे.

दरम्यान पैसा कुठे चालला आहे पाहा. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शहरांची प्रगती पाहिली जाते ती मुख्यतः १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनावरून. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे या निधीतला ६४ टक्के खर्च रस्त्यांवरच्या धुळीसारख्या कामांवर झाला; वाहनांच्या वाट्याला १३ टक्क्यांच्या आत आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही नाही. झाडणे, पाणी शिंपडणे, फरसबंदी करणे ही कामे वाईट नाहीत. फक्त ती करून जे उतरते ते वजन. बारीक कण जन्मतात ते जळणातून, आणि त्यांच्यावर झाडू चालत नाही. उलट हवेतले मोठे कण या लहानांना आपल्या अंगावर चिकटवून घेत असतात. ते कमी झाले आणि जळण तसेच राहिले, तर लहान कण मोकळेपणी अधिक वेळ हिंडू शकतात. बक्षीस मिळालेल्या शहराने तरी हे समजून घ्यावे.

मोजणे अशक्य आहे अशी सबब चालणार नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकांत डिझेलच्या मोटारीने एका किलोमीटरला किती कण सोडावेत याची मर्यादा आहे, आणि ती वजनाबरोबर संख्येनेही आहे : सहाशे अब्ज. म्हणजे मोटारीच्या धुराड्याशी उभा असलेला कायदा मोजायला शिकला. आमच्या नाकाशी उभा असलेला अजून तोलतोच आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या नव्या निर्देशात सभासद देशांनी ठरावीक केंद्रांवर हे कण मोजलेच पाहिजेत असे घातले. मर्यादा त्यांनीही अजून ठरवलेली नाही, पण नस्तीचे वर्तुळ त्यांनी एका जागी तोडले. आमच्या शेजारी पीथमपूरला २०२५ मध्ये भोपाळच्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यात आला, तेव्हा उत्सर्जन विहित मर्यादेत असल्याचे आम्ही वाचत होतो. त्यावर अविश्वास दाखवण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण धुराड्यातील कणांची ती मर्यादाही घनमीटरला इतके मिलिग्रॅम अशीच असते, हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी आले?

सरकारला एवढे सुनावल्यावर आपल्या घराकडे वळणे भाग आहे, आणि इथे आमच्या समाजाला राग येण्याचा संभव आहे. तो आम्ही पत्करतो. चीन आणि मलेशियातील डासांच्या कॉइलींवर झालेल्या २००३ च्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे अडीच मायक्रॉनच्या आतले कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. ज्या घरात जावयाने सिगारेट ओढली तर आजही सासरे दार लावून घेतात, त्या घरात नातवाच्या पाळण्याखाली रात्रभर कॉइल जळते. उदबत्तीचेही तसेच, वजनाला वजन धरले तर ती सिगारेटीहून चौपट कण सोडते, असे एका संकलनात नमूद आहे. आणि त्या नागगोळ्या! पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त कण निघाले ते आवाज न करणाऱ्या, म्हणून लहान मुलांच्या हाती निःशंकपणे दिल्या जाणाऱ्या नागगोळीतून. घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. हे सगळे आकडेही वजनाचेच आहेत. संख्या मोजली तर त्या कशा दिसतील याची कल्पना वाचकांनी करावी.

“धूप हवा शुद्ध करतो, पूर्वज काय मूर्ख होते?” हा प्रश्न आम्हांला आमच्याच वडील बहिणीने, आक्कांनी, विचारला. पूर्वज मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे वाडा होता. आमच्या आजोबांच्या वाड्यात देवघराचे दार चौकात उघडे, चौकावर आकाश होते आणि धूप तिथून निघून जाई. आज देवघर आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत, कपाटाच्या एका खणात; खिडक्या वातानुकूलन यंत्रासाठी बंद आणि उदबत्त्या मात्र त्या काळच्याच संख्येने. विधी तसाच राहिला आणि वास्तू बदलली, एवढेच झाले. स्वयंपाकघराचीही तीच कथा. गॅसची ज्योत निळी दिसते म्हणून ती निर्धूर मानतात, पण तीही अतिसूक्ष्म कण सोडते, आणि फोडणीच्या तापल्या तेलाचा धूर त्यात भर घालतो. धुराडे बसवलेले असते. त्याचा पंखा आवाज करतो म्हणून तो पाहुणे येतात तेव्हाच लावतात. डोळ्यांवर आणि सोवळ्यावर चालणारी आमची जी स्वच्छतेची कल्पना आहे, तिला या कणांची दखल घेता येत नाही. फरशी दोनदा पुसणारी गृहिणी आणि रस्ता दोनदा झाडणारी नगरपालिका यांचा तराजू एकच आहे.

स्कूटरवरून जाताना तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळणाऱ्या आमच्या मुलींनाही कोणीतरी सांगायला हवे की त्याने ऊन अडते, थोडी जाड धूळ अडते, हे कण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी मात्र नीट बसली तर अडवते. सर्वांत निसटते कण ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणून तिची परीक्षा त्याच आकाराला होते. त्याहून लहान कण जसे फुप्फुसाच्या भिंतीला लागतात तसेच तिच्या तंतूंना लागून राहतात.

आमच्या सभेने काय करावे, असे कोणी विचारील. दोन गोष्टी आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवल्या आहेत. एक, शहरातील हवा-मोजणी केंद्रांपैकी निदान एकावर, आणि तेही भर वाहतुकीच्या चौकातील केंद्रावर, कणांची संख्या मोजणारे यंत्र बसवून त्याचे आकडे दररोज जाहीर करावेत, असे निवेदन राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला जावे. ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या भगिनी संस्थांनीही आपापल्या ठिकाणी तेच करावे. या पेन्शनरांच्या संस्था आहेत, निवेदने लिहिण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणापाशी नाही. तो एकदा असा वापरून पाहू. दुसरी गोष्ट निवेदनाविना होण्यासारखी आहे. येत्या व्याख्यानमालेत सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्त्यांचा जुडगा न लावता फुले वाहावीत, आणि सभागृहाच्या रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवून मागच्या बागेकडच्या उघडाव्यात. फुलांच्या सूचनेला बहुमत मिळाले. खिडक्यांचा प्रश्न, डासांच्या भीतीमुळे, पुढील बैठकीवर गेला आहे; आणि तोवर सभागृहात कॉइल लावण्याची सूचना एका ज्येष्ठ सभासदांनी मांडली, ती इतिवृत्तात नोंदवली गेली आहे.